ओहोटी बघून निघा

दिवाळी सरली की रविवारच्या सहली सुरू होतात. पहाटे डबे भरायचे, अर्धवट झोपेतल्या मुलांना गाडीत बसवायचं, एखादा किल्ला, एखादा किनारा पाहायचा आणि रात्री घरी परतायचं. मुंबई-पुण्याकडच्या किती तरी घरांचा असा रविवार अलिबागला जातो. फोटोही भरपूर निघतात. पण घरी येऊन पाहावं, तर किल्ला दूरवर रेघेएवढा आणि माणसांचे डोळे उन्हानं मिटलेले. मग मला विचारतात, कॅमेरा कुठला घ्यावा? माझं म्हणणं असं, की हातातला मोबाइल पुरे आहे. निघण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर तेवढं बघा.

अलिबागचा कुलाबा किल्ला समुद्रात आहे. शिवाजी महाराजांच्या अखेरच्या वर्षात, 1680 मध्ये, त्याचं काम सुरू झालं आणि पुढे तो आंग्रे घराण्याचं बळकट ठाणं झाला. ओहोटीला तिथे चालत जाता येतं, भरतीला वाट पाण्याखाली जाते. कोकणातली जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी, सकाळी नवाच्या आसपास, ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. रोज ही वेळ साधारण पाऊण तासानं पुढे सरकते. अष्टमीच्या आसपास मात्र भांगाचे दिवस असतात, तेव्हा पाणी पुरतं ओसरत नाही. हा सगळा अंदाज झाला. वाळूवर पोचलात की तिथल्या माणसांना विचारल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नका, आणि पाणी चढायला लागायच्या आत मुलाबाळांसह परत या. फोटोसाठी तटावर थांबून राहणं जिवावर बेतू शकतं.

सकाळच्या ओहोटीचा मी एवढा आग्रह का धरतो? आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी असतो आणि त्याचं ऊन थेट किल्ल्यावर पडतं. दगडाचा रंग, बुरुजांची गोलाई, सगळं उठून दिसतं. संध्याकाळी तोच सूर्य किल्ल्यामागे जातो आणि किल्ल्याची नुसती काळी आकृती उरते. तीही सुंदर असते, पण तिच्यात दगड शोधू नयेत.

आता किल्ला रेघेएवढा का येतो ते सांगतो. आपण घरच्यांना दोन हातांवर उभं करतो आणि सगळे मावावेत म्हणून मोबाइलचं रुंद भिंग वापरतो. माणसं मोठी होतात, मागचा किल्ला आक्रसतो. त्याऐवजी माणसांना जागेवर राहू द्या आणि तुम्हीच काही पावलं मागे जा. मग दुप्पट किंवा तिप्पट झूम करा. माणसं तेवढीच दिसतील, पण त्यांच्या मागे किल्ला केवढा तरी मोठा उभा राहील. एकदा करून पाहा, फरक तिथल्या तिथे कळेल.

किल्ल्यात गेलात की जवळचंही टिपा. इथल्या तटाचे भलेमोठे दगड चुन्याशिवाय, नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाट आपटली की पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. अशा एका फटीपाशी मुलाला तळहात दगडावर टेकवायला सांगा आणि फक्त हात आणि दगड एवढाच फोटो घ्या. दगड केवढा आहे ते कळेल, आणि तट असा का बांधला हे मुलाच्याही लक्षात राहील. दरवाज्यावरच्या कोरीवकामाला तिरकं ऊन लागतं. समोरून प्रकाश पडला तर ते सपाट दिसतं, बाजूनं आला की प्रत्येक उठाव सावली टाकतो. आत 1759 मध्ये राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ आहे. गाभाऱ्यात पुजाऱ्यांना विचारूनच मोबाइल काढा. ऊन डोक्यावर आलं की उघड्यावर चेहऱ्यांचे फोटो घेऊ नयेत, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. आजी-आजोबांना कमानीच्या सावलीत एक पाऊल आत, उजेडाकडे तोंड करून बसवा. तो उजेड फार मऊ असतो.

दुपारी जेवून रेवदंड्याला जा. तिथल्या पोर्तुगीज कोटात सातखणी मनोरा आहे. त्याचे वरचे मजले ढासळले असले तरी तो आजही उंच आहे, आणि नेमकी तिथेच सगळ्यांची गडबड होते. मनोरा मावेना म्हणून मोबाइल मागे कलवतात आणि फोटोत मनोरा मागे पडू लागल्यासारखा दिसतो. मोबाइल अगदी ताठ धरा आणि मागे सरका. पायाशी जास्त जमीन आली तर येऊ द्या, ती नंतर कापता येते. ढासळत्या भिंतींवर कुणालाही चढवू नका.

सूर्यास्ताला तिथल्याच वाळूवर थांबा. पडद्यावर आकाशाच्या उजळ भागाला बोट लावा आणि उजेड थोडा खाली ओढा; रंग भरून येतील, मुलांच्या काळ्या आकृत्या होतील. दोघांमध्ये थोडं अंतर ठेवा, नाहीतर एकच गोळा दिसतो. क्षितिज आडवं सरळ असू द्या आणि ते कुणाच्या मानेतून जाणार नाही एवढं बघा. पाणी नुकतंच ओसरलेल्या ओल्या वाळूत आकाश उतरतं, त्यासाठी मोबाइल गुडघ्याखाली न्या.

खाऱ्या वाऱ्यानं भिंगावर धुरकट थर बसतो. आधी फुंकर मारून वाळू उडवा, मगच मऊ सुती कापडानं पुसा. वाळूसकट पुसलंत तर चरे पडतात. मासळी सुकवणाऱ्या कोळणींचा फोटो हवा असेल तर आधी मावशींशी दोन शब्द बोला. त्या नको म्हणाल्या तर नको.

घरी आल्यावर त्याच रात्री निवड करा, उद्यावर टाकलेली निवड होत नाही. एका जागेचे दहा फोटो असतील तर एक ठेवा. ठिकाण, तारीख आणि माणसांची नावं लिहा. पाच-सहा फोटो छापून घ्या आणि मागे मऊ पेन्सिलीनं मजकूर लिहा. पेनाची शाई पुढे उमटते. एक प्रत आजींना द्या. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर त्यांना तो किल्ला नीट दिसत नाही.