वसंतातील विवाह आणि फुलांची निवड
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आजच्या विषयाचे नाव ऐकून कित्येकांच्या मनात आले असेल की, शाळेत व्याकरण शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाला फुलांचे काय कळते? त्यास आमचे उत्तर असे की, फुले बायकांनी माळावीत आणि त्यांचे पैसे पुरुषांनी चुकवावेत, अशी वाटणी आपल्याकडे रूढ असल्यामुळे दोन्ही बाजूंनी या विषयाचा विचार क्वचितच होतो. तो थोडक्यात करावा, एवढाच आमचा हेतू आहे.

फाल्गुनापासून वैशाखापर्यंत आपल्याकडे पुष्कळ लग्ने होतात. हाच काळ वसंताच्या बहराचा. असे असता मांडवात थायलंडहून आलेली ऑर्किड आणि हरितगृहातील जर्बेरा लागतात, आणि अंगणातला मोगरा अंगणातच सुकतो. परदेशी म्हणून या फुलांवर आमचा रोष नाही. आपला झेंडूही मूळचा अमेरिका खंडातला. आज त्याच्यावाचून तोरण होत नाही. आमची तक्रार ओझ्याविषयी आहे. अलीकडे याद्यांच्या बैठकीत 'सजावट आमच्या पसंतीची' असे कलम वरपक्षाकडून येऊ लागले आहे. ते मान्य करताना वधूपित्याच्या मुद्रेवर काय उमटते, हे आम्ही मध्यस्थ म्हणून जवळून पाहिले आहे. एका घरी तर फुलांच्या मांडवापायी मुलीच्या धाकट्या भावाची कॉलेजची फी पुढे ढकलावी लागली. ती फुले दुसऱ्या दिवशी सकाळी उकिरड्यावर गेली.

मग फुले निवडावीत कशी? आमच्या मते प्रथम ऋतू पाहावा, नंतर मुहूर्ताची वेळ पाहावी. मोगऱ्याच्या टपोऱ्या कळ्या सकाळी खुडल्या, तर त्या संध्याकाळी उमलतात. म्हणून गोरज मुहूर्तास मोगऱ्यासारखे फूल नाही. अंतरपाट दूर होतो त्याच सुमारास मुंडावळ्या आणि हार दरवळू लागतात. सकाळचा मुहूर्त असेल तर सोनचाफा घ्यावा. तो पहाटे काढतात आणि दुपारपर्यंत टवटवीत राहतो. मोगऱ्याचे गजरे ओलसर फडक्यात किंवा केळीच्या पानात गुंडाळून सावलीत ठेवावेत. त्यांवर वारंवार पाणी मारू नये. पाकळ्या तांबूस पडतात.

कोकणातील आपल्या बांधवांनी सुरंगीचा विचार अवश्य करावा. फाल्गुन-चैत्रात वेंगुर्ले, शिरोडे, आरवली या बाजूला सुरंगी फुलते. तिच्या कळ्या झाडावर चढून काढाव्या लागतात आणि उमलण्यापूर्वीच गुंफाव्या लागतात. त्या श्रमावर तेथील अनेक घरांची चूल पेटते. सुरंगीचा आणि बकुळीचा एक गुण असा की, वाळल्यावरही त्यांचा गंध जात नाही. सासरी निघालेल्या मुलीच्या ओटीत बकुळीचा एक सर घालावा. पुढे केव्हातरी पेटी उघडताना तिला माहेर आठवेल.

मांडवाच्या शोभेसाठी आंब्याचे डहाळे आणि केळीचे खुंट आहेतच. चैत्र-वैशाखात बहाव्याचे पिवळे घोस झाडावरून लोंबत असतात. मालकाची परवानगी घेऊन चार घोस प्रवेशद्वाराशी बांधावेत. मात्र ते लवकर गळतात, यास्तव ते ऐन वेळी बांधावेत. शहरातील मंडळींनी दादरचा किंवा पुण्याच्या मार्केट यार्डातील फुलबाजार पहाटे गाठावा आणि विक्रेत्यास, 'अमुक फूल द्या' असे न म्हणता, 'आज ताजे काय आले आहे?' असे विचारावे. जे त्या दिवशी उदंड असते ते ताजेही असते आणि खिशालाही परवडते.

शेवटी मंडळास आमची एक नम्र सूचना आहे. यादी करताना फुलांच्या सदरात 'ऋतूची फुले' एवढेच दोन शब्द लिहावेत, आणि ती फुले आणण्याचा भार उभयपक्षांनी समान वाटून घ्यावा. ही सूचना प्रथम वरपक्षाकडून यावी. कारण वधूपित्याने ती केली तर तिला काटकसर म्हणतात, वरपित्याने केली तर तिला रसिकता म्हणतात. या सभागृहात मुलांचे वडील पुष्कळ बसले आहेत, म्हणूनच हे बोलण्याचे धाडस केले.