हक्कांचे शिक्षण आणि 'डाकघर'



मुलांना त्यांचे हक्क समजावून द्यावेत, हे आता सुशिक्षित घरांत कोणी नाकारीत नाही. प्रश्न उरतो तो रीतीचा. शाळेत हक्कांची यादी पाठ करवून घेतात, परीक्षेत तिच्यासाठी चार-पाच गुण राखतात, आणि संमेलनात एखादा चुणचुणीत मुलगा गुरुजींनी लिहून दिलेले भाषण न अडखळता म्हणून दाखवितो. टाळ्या पडतात. मुलाच्या मताला किंमत असते, हे त्या बिचाऱ्याने दुसऱ्याच्या शब्दांत सांगितलेले असते! हेच शिक्षण कथा, वृत्तपत्र आणि नाटक यांच्या द्वारा अगदी निराळ्या तऱ्हेने देणारे एक गृहस्थ पोलंडात होऊन गेले. त्यांच्याविषयी आज चार शब्द सांगण्याचे योजिले आहे.

यानुश कोर्चाक हे त्यांचे टोपणनाव. मूळ नाव हेन्रिक गोल्डश्मिट. ते बालरोगांचे डॉक्टर होते, जन्माने ज्यू होते. १९१२ साली वॉर्सा शहरात क्रोखमाल्ना रस्त्यावर ज्यू मुलांचे अनाथगृह निघाले, त्याची धुरा त्यांनी शेवटपर्यंत वाहिली. नभोवाणीशीही त्यांचा संबंध होता. पोलिश नभोवाणीवर 'म्हातारा डॉक्टर' या नावाने ते मुलांशी गप्पा मारीत. खरे नाव सांगत नसत. देशात ज्यूद्वेष बळावला तेव्हा, १९३६ साली, त्या गप्पा बंद पडल्या.

१९२३ साली त्यांनी 'राजा माचूश पहिला' ही मुलांसाठी कादंबरी लिहिली. बाप वारल्यामुळे एक लहान मुलगा गादीवर बसतो आणि मुलांची निराळी लोकसभा स्थापन करतो. एखाद्या गोडबोल्या लेखकाने पुढे सर्वत्र आनंदीआनंद केला असता. कोर्चाकांनी तसे केले नाही. या राज्यात मोठी माणसे शाळेत जाऊन बसतात, मुले त्यांची कामे करू लागतात, आणि सगळा कारभार कोलमडतो. शेवटी शत्रू राज्य घेतात आणि माचूशला निर्जन बेटावर धाडतात. हक्क आणि जबाबदारी यांवर व्याख्यान न देता वाचणाऱ्या मुलालाच त्यांनी पेचात टाकले आहे. माझ्या मते हीच त्या पुस्तकाची खरी थोरवी.

पुढे १९२६ साली एका पोलिश दैनिकाची पुरवणी म्हणून त्यांनी मुलांचे साप्ताहिक काढले. त्यातला मजकूर मुलांच्या पत्रांतून उभा राही. घरचे भांडण, शिक्षकांचा अन्याय, 'ज्यू' म्हणून झालेली हेटाळणी, असे काहीही त्यात येई. १९३९ च्या सप्टेंबरात महायुद्ध पेटेपर्यंत ते चालले. अनाथगृहात मुलांचे न्यायालयही होते; तेथे मुलेच न्यायाधीश असत, आणि खुद्द डॉक्टरांनीही आपल्या वागणुकीचा निवाडा त्यांच्यापुढे मागितला होता. १९२४ च्या जिनीव्हाच्या जाहीरनाम्यावर त्यांचा आक्षेप होता तो याच वृत्तीतून. त्यात मुलांसाठी विनवणी आहे, मागणी नाही, असे ते म्हणत.

आता त्या नाटकाकडे येतो. १९४० च्या अखेरीस जर्मनांनी वॉर्सातील ज्यूंना भिंतीआड कोंडले. चार लाखांहून अधिक माणसे त्या कोंडवाड्यात उपासमारीने आणि रोगराईने मरू लागली. अनाथगृहालाही आपली वास्तू सोडून आत जावे लागले. मुलांची संख्या दोनशेच्या घरात गेली. आणि तेथे, १८ जुलै १९४२ रोजी, मुलांनी निमंत्रित प्रेक्षकांपुढे रवींद्रनाथांचे 'डाकघर' करून दाखविले.

त्यातील अमल आपल्यापैकी पुष्कळांना परिचित असेल. वैद्याने बाहेर जाण्यास मनाई केलेला हा आजारी पोर खिडकीशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारतो. दहीवाल्याला त्याच्या गावची हकिकत विचारतो, त्याची आरोळी शिकू पाहतो. पहारेकऱ्याशी बोलतो, फुले वेचणाऱ्या सुधेशी बोलतो. समोर उघडलेल्या डाकघरातून राजाचे पत्र येईल, अशी त्याला खात्री आहे. गावचा मुखिया कोरा कागद देऊन त्याची थट्टा करतो. परंतु आजोबा तो कागद खरा मानतात, आणि राजवैद्य येऊन सारी दारे-खिडक्या उघडावयास लावतो.

मुलांनी मृत्यूला शांतपणे सामोरे जाण्यास शिकावे म्हणून कोर्चाकांनी हे नाटक निवडले, असे सांगतात. तसे असेलही. परंतु एवढ्यावरच थांबले म्हणजे त्या मुलांच्या तालमींचा अर्थ निसटतो, असे मला वाटते. ज्या मुलांना भिंतीबाहेर पाऊल टाकण्याची बंदी होती, ती मुले अमलच्या तोंडून वाटसरूंना थांबवून प्रश्न विचारीत होती. कोणी दहीवाला झाला आणि घडीभर थांबून उत्तर देऊ लागला. कोणाला मुखिया व्हावे लागले. आजारी पोराची थट्टा करणारा माणूस आतून कसा असतो, हे त्याला वठविल्यावाचून कळत नाही. लहान मुलाने विचारावे आणि मोठ्या माणसाने थांबून ऐकावे, याचा पाठ त्या कोंडलेल्या घरात रोज चालला होता.

पुढे चारच दिवसांनी, २२ जुलैला, वॉर्सातून ज्यूंची मोठी हद्दपारी सुरू झाली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टर, त्यांच्या सहकारी स्टेफानिया विल्चिन्स्का, इतर सेवक आणि सर्व मुले यांना ट्रेब्लिंकाच्या गाडीत चढविण्यात आले. त्यांतील कोणीही परत आले नाही.

युद्धानंतर पोलंडनेच १९७८ साली बालहक्कांच्या कराराची सूचना संयुक्त राष्ट्रांपुढे मांडली. १९८९ साली तो करार संमत झाला आणि १९९२ साली आपल्या देशानेही तो स्वीकारला. मुलाचे म्हणणे ऐकून घेतले जाण्याचा हक्क त्याच्या १२ व्या कलमात आहे, आणि खेळण्याचा व कलांमध्ये भाग घेण्याचा हक्क ३१ व्या कलमात.

'डाकघर' लहानसे नाटक आहे. त्याला एक खाट आणि एक खिडकी पुरते. येत्या सुटीत वाड्यातल्या किंवा चाळीतल्या मुलांकडून ते बसवून घ्यावे, अशी माझी पालकांना विनंती आहे. भूमिका मुलांनाच वाटून घेऊ द्याव्यात, आणि मुखिया होण्यास कोणी तयार नसेल तर भांडणही त्यांचे त्यांनाच मिटवू द्यावे. खेळ संपल्यावर, अमलला घरात कोंडून ठेवणाऱ्या वैद्याचे बरोबर होते की चूक, एवढे त्यांना विचारावे. मग आपण गप्प बसून त्यांचे ऐकावे. उत्तरे बहुधा एकसारखी येणार नाहीत.