सगळ्यांसाठी उघडं घर आणि घरात येणारं बाळ

आज आम्ही दोघं नवरा-बायको मिळून तुमच्याशी बोलतोय. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका लहान गावात आम्ही चर्चच्या मंडळीची सेवा करतो. गाव आम्हाला 'पाळकसाहेब' आणि 'बाई' म्हणतं. लग्नाला दोन वर्षं झाली, आणि आता पहिल्या बाळाचा सातवा महिना चालू आहे. बोलणं दोघांचं, म्हणून 'आम्ही' म्हणू. पोट मात्र तिचं आहे, तिथे 'ती' म्हणू.

पाळकाला रविवारी तेवढं काम असतं, असं पुष्कळांना वाटतं. रविवारची उपासना तर असतेच. पण बुधवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना, शुक्रवारी महिला मंडळ. मधल्या दिवसांत आजाऱ्याची भेट, कुणाला तालुक्याच्या दवाखान्यात नेणं, दाखल्यासाठी तहसीलला सोबत जाणं, घरातली भांडणं, लग्न, मयत. घर चालतं ते मंडळीच्या वर्गणीवर. हंगामाच्या सणाला लोक ज्वारी, बाजरी, भोपळा, कोंबडी जे असेल ते आणतात, त्याचा लिलाव होतो. पाऊस बरा झाला तर आमचंही वर्ष बरं जातं.

नेमणुकीचं पत्र एकाच्या नावाने येतं, काम दोघं करतात. मुलांची गाणी बसवणं, बायकांचं ऐकून घेणं, बाळंतिणीला भेटणं, आणि दारात आलेल्या प्रत्येकाला चहा, वेळ असेल तर जेवण, हे सगळं तिच्याकडे. आम्हाला हे काम आवडतं, तक्रार नाही. तुमच्यातही अशा बाया आहेत. आशाताई, अंगणवाडीताई, बचत गटाच्या अध्यक्ष, सरपंचबाई. त्यांच्या घराचं दार कधी बंद नसतं.

तिसऱ्या महिन्यात उपकेंद्रात नाव नोंदवलं, माता-बाल संरक्षण कार्ड मिळालं. पाचव्या महिन्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 9.2 निघालं. गरोदर बाईचं ते 11 च्या खाली असलं तर रक्त कमी आहे असं धरतात. 7 च्या खाली गेलं तर धोका फार मोठा. बाळंतपणात थोडा जास्त रक्तस्राव झाला तरी अशा बाईचा जीव जाऊ शकतो. बाळही कमी वजनाचं किंवा दिवस भरायच्या आत होऊ शकतं.

सिस्टरनी एक सोपं काम सांगितलं. एका दिवसात काय खाल्लं, किती वाजता, ते लिहून आणा. आम्ही लिहिलं. सकाळपासून रात्रीपर्यंत नऊ कप चहा. चार घरी भेटी दिल्या, चारही घरी चहा, आणि आपल्या घरी पाहुण्यांसोबत पाच. दुपारचं जेवण तीन वाजता, सगळे उठून गेल्यावर. भाकरी होती, पण भाजी संपलेली. घरात खायला नव्हतं असं नाही, तिच्या ताटापर्यंत ते पोचत नव्हतं. शिवाय जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच चहा घेतला, तर अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. लोहाच्या लाल गोळीचंही तसंच. म्हणून गोळीच्या आगेमागे चहा नको, लिंबूपाणी चालतं. कॅल्शियमची गोळीही लोहाच्या गोळीसोबत घेऊ नये, दोन तासांचं अंतर ठेवावं. लोहाच्या गोळीने शौचाला काळं होतं, त्याला घाबरून गोळी सोडू नये. रोज एक याप्रमाणे निदान 180 दिवस ती घ्यायची असते. रक्त कमी असलं तर दिवसाला किती घ्यायच्या हे डॉक्टर सांगतात.

आम्हाला कुणी म्हणालं, "तुम्ही तर प्रार्थना करणारी माणसं, तुम्हाला गोळ्या कशाला?" आम्ही सांगतो, प्रार्थना रोज करतो, आणि गोळीही रोज घेतो. ज्याने बाळ दिलं, त्यानेच ते सांभाळायची अक्कल दिली आहे. तुम्ही ज्या कुणाला हात जोडत असाल, त्याच्याही हे आड येणार नाही.

खरा प्रश्न पुढेच होता. ताट आधी वाढून घ्यायचं, तर दारातल्या माणसाचं काय? सासूबाई म्हणाल्या, "पाळकाच्या घरातून कुणी उपाशी जाऊ नये." त्यांचंही खरं होतं, त्यांनी जन्मभर तेच केलं. शेवटी हा विषय आम्ही महिला मंडळासमोर ठेवला. थोडं कुजबुजणं झालं, "बाई आता बदलल्या." पण एका आजीबाईंनी तोडगा काढला. त्या म्हणाल्या, "घर मंडळीचं आहे ना? मग पाहुणाही मंडळीचाच."

तेव्हापासून बाहेरगावच्या पाहुण्यांचं जेवण पाळीपाळीने चार घरांतून येतं. भेटीला गेलं की तिच्यासाठी चहाऐवजी गूळ-शेंगदाणे ठेवतात. दुपारी एक ते तीन ती जेवते आणि डाव्या कुशीवर पडते, त्या वेळेत दार पाळकसाहेब उघडतात. रात्रीचा फोन आधी मंडळीच्या पंचांकडे जातो, अगदी अडलं तरच आमच्याकडे. सासूबाई आता स्वतः तिचं ताट पहिलं वाढतात. मेथी, शेवग्याचा पाला, मटकी, अंडं, बाजरीची भाकरी, सगळं गावातलंच. दोन महिन्यांत हिमोग्लोबिन 10.4 वर आलं. अजून 11 गाठायचं आहे.

दुसरा प्रश्न होता माहेरचा. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. तिचं माहेर जालन्याकडे आहे, आणि दिवस भरतात नेमके नाताळात, म्हणजे आमच्या सगळ्यांत जास्त कामाच्या दिवसांत. आम्ही ठरवलं की बाळंतपण इथेच, तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात. तिची आई इकडे येणार. नाताळची उपासना पंच चालवणार, आणि तो तिच्यासोबत असणार. तुमची लेक किंवा सून माहेरी जाणार असेल, तर नवव्या महिन्याची वाट पाहू नका. कार्ड सोबत द्या आणि तिथल्या आशाताईकडे गेल्या गेल्या नाव नोंदवा.

आता हक्काच्या गोष्टी थोडक्यात. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, मोफत आहे. औषधं, रक्त, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडीही त्यातच येते. गाडीसाठी 102, अडचणीच्या वेळी 108. मातृ वंदना योजनेत अटीत बसणाऱ्या आईला पहिल्या बाळासाठी 5000 रुपये दोन हप्त्यांत मिळतात. दुसरं अपत्य मुलगी असेल तर 6000. खातं आईच्या नावावर आणि आधारला जोडलेलं हवं.

आणि हे पाठच करा. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं, तोंडाला-हाताला सूज, झटके, जोराचा ताप, बाळाची हालचाल कमी होणं. यातलं एकही दिसलं तर सकाळ व्हायची वाट बघू नका. तेव्हाच निघा.

मैत्रिणींनो, जी बाई सगळ्या गावाचं बघते, तिचं कोण बघतं? गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ता गोळा करून झाला की एवढा एक प्रश्न विचारा. आपल्यात अशी कोण गरोदर आहे? तिचं शेवटचं हिमोग्लोबिन किती? ती जेवते किती वाजता? उत्तर मिळालं की कामं वाटून घ्या. एकीने पाणी भरावं, एकीने तपासणीला सोबत जावं, एकीने तिचं ताट पहिलं वाढलं जातंय ना ते बघावं. जिला विचारलं जाईल तिनेही "मला काही नको" म्हणू नये. दुसऱ्याला देणाऱ्या हाताने घ्यायलाही शिकावं.

आमच्या बाळाला तुमचे आशीर्वाद असू द्या. मुलगा असो की मुलगी, या घराला ते हवंच आहे.