चंद्रावरची माती

मंडळी, 2019 साली आपले यान चंद्रावर उतरता उतरता आदळले, तेव्हा आम्ही सारे हळहळलो. चार वर्षांनी, 23 ऑगस्ट 2023 रोजी, चांद्रयान-3 दक्षिण ध्रुवाच्या बाजूला अलगद टेकले. त्याने तिथल्या मातीत तापमापकाची सळई खुपसली. वरची माती पन्नास अंशांहून अधिक तापलेली. आणि चार बोटे खाली, म्हणजे 8 सेंटीमीटरवर, शून्याखाली 10 अंश! आपल्या शेतात असे कधी पाहिलेत का? तिथे हवा नाही, ओल नाही. माती भुसभुशीत, म्हणून उन्हाची धग खाली पोचतच नाही. अशा जमिनीखाली कुठे कुठे बर्फ टिकून असेल, असे शास्त्रज्ञांना वाटते. उद्या माणूस तिथे राहायला गेला, तर प्यायचे पाणी इथून किती न्यायचे? त्यासाठीच ही खटपट.