गोळी एकदम तोडू नका



आज कापसाच्या भावावर बोलणार नाही. मनाच्या दुखण्यावर जी गोळी देतात, तिच्यावर बोलणार आहे. मागे काही जण हसले. हसू द्या, पाच वर्षांपूर्वी मीही हसलो असतो.

मी शेतकीचा पदवीधर. दुसऱ्याच्या पऱ्हाटीचा रोग लांबून ओळखतो. माझी झोप गेली, भूक गेली, ते मात्र बायकोने ओळखले. डॉक्टरांनी एसिटालोप्रॅमची 10 मिलिग्रॅमची गोळी दिली. दीड वर्ष घेतली, बरा झालो. मग ऐन डवरणीत पाकीट संपले. तालुक्याला जायला सवड नव्हती. म्हटले, आता बरे आहे, कशाला हवी?

तिसऱ्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात करंट जायचा. रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या तारेला हात लागावा तसा. चक्कर, मळमळ, रात्री भलतीच स्वप्ने, साध्या बोलण्यावर रडू. मला वाटले दुखणे उलटले. घरच्यांना वाटले गोळीची नशा लागली होती. दोघेही चुकलो होतो.

ही दारूसारखी नशा नाही, तलफ येत नाही. पण मेंदू औषधाच्या हिशेबाने बसलेला असतो, ते एकाएकी काढले की तो डगमगतो. 2024 साली अनेक देशांतले अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा दिसले की गोळी थांबवणाऱ्या सहा-सात जणांत एकाला निव्वळ औषध सुटल्यामुळे त्रास होतो. बहुतेकांचा काही आठवड्यांत निवतो, काहींचा महिनोन्‌महिने चालतो.

मग सोडायची कशी? युरियाचे गणित आठवा. भुकेल्या रानात पहिले पोते पडले की ज्वारी उठते. दुसऱ्याने थोडी आणखी, चौथ्याने जवळपास नाहीच. आता उलटे चला. चौथे पोते काढले तर पिकाला कळतही नाही, पहिले काढले की पीक पिवळे पडते. गोळीचे तसेच आहे. 20 वरून 10 वर येणे त्या मानाने सोपे, 5 वरून शून्यावर येणे अवघड. होरोविट्झ आणि टेलर या संशोधकांनी 2019 साली हेच मांडले: जसे खाली याल तशी पायरी बारीक करा. मी डॉक्टरांकडे परत गेलो, गोळी पुन्हा सुरू केली, चार दिवसांत डोके शांत झाले. मग उतरायला आठ महिने लावले. एक दिवसाआड गोळी घेणे म्हणजे कमी करणे नव्हे. त्याने शरीर एक दिवस उपाशी, एक दिवस तुपाशी राहते. आणि पाकिटावर क्लोनाझेपाम हे नाव जोडीला असेल तर फार जपा. ते एकदम तोडले तर फिट येऊ शकते.

त्रास गोळी सुटल्याचा की जुने दुखणे परतले? सुटल्याचा त्रास बहुधा थोड्या दिवसांतच येतो, झटके आणि चक्कर घेऊन. दुखणे हळूहळू, काही आठवड्यांनी-महिन्यांनी परतते. नक्की काय ते डॉक्टरांनी ठरवावे.

पण फवारणी करून आल्यावर चक्कर, घाम, मळमळ आली, लाळ सुटली, डोळ्यांची बाहुली बारीक झाली, तर गोळीला दोष देत घरी पडू नका. 2017 साली यवतमाळात फवारणीने किती घरे बसली ते आपण पाहिले आहे. औषधाचा डबा घेऊन सरळ दवाखाना गाठा.

आणि मरणाचे विचार आले तर त्या माणसाला एकटे सोडायचे नाही. फवारणीची औषधे घराबाहेर कुलुपात, किल्ली दुसऱ्याकडे. 2015 साली प्रेरणा प्रकल्पात आशाताई आपल्या जिल्ह्यात घरोघरी विचारायला आल्या, तेव्हा आपण 'सगळे ठीक' म्हणून त्यांना वाटेला लावले. आता 2022 पासून टेली मानसचा 14416 हा फोन आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात.

हंगामात गोळी कमी करायला घेऊ नका. वेचणी उरकू द्या, आणि पाकीट संपायच्या आठ दिवस आधी एस.टी. पकडा.

बैठक संपल्यावर मी मागच्या निंबाखाली बसतो. चारचौघांत विचारायचे नसेल त्यांनी तिथे यावे. पाकीट जवळ असेल तर घेऊन या, नाव वाचून सांगतो.