रात्री दवाखान्याचा फोन कुठे वाजतो?

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, "लँडलाइन? आता कोण वापरतं?" वापरतात हो. आपल्या नगर जिल्ह्यात (कागदावर अहिल्यानगर झालं, बोलण्यात अजून नगरच आहे) कुठल्याही तालुक्याच्या गावी जा. पतसंस्था, दूध संघ, शाळा, दवाखाना, सगळीकडे भिंतीवर एक जुना ईपीएबीएक्सचा डबा दिसेल. बाहेरून दोन लाइन येतात आणि आत आठ-दहा टेबलांवर फोन असतात. बारा-पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी तो बसवून, सेटिंग करून गेलेला असतो. त्यानंतर त्याला कुणी हात लावलेला नसतो.

आज या डब्याच्या सेटिंगबद्दल बोलू. मी सॉफ्टवेअरवाला आहे, टेलिफोन मेकॅनिक नाही. पण या दिवाळीत गावी गेलो होतो, तेव्हा ओळखीच्या एका छोट्या प्रसूतिगृहातलं असं काम माझ्याकडे आलं. मॅडमची तक्रार अशी की पेशंटचे नातेवाईक म्हणतात, रात्री फोन लावला तर नुसती रिंग जाते. दुपारी मात्र फोन बरोबर लागतो. नवीन सिस्टिमचं कोटेशन टेबलावर आलेलंच होतं.

वरच्या मजल्यावर रात्रपाळीच्या सिस्टर भेटल्या. म्हणाल्या, "दादा, मी तर रात्रभर जागीच असते. वर रिंगच येत नाही ना!"

खरं कारण तेच निघालं. डबा बसवला तेव्हा वॉचमन काका रिसेप्शनमध्ये झोपायचे, म्हणून रात्रीचे फोन रिसेप्शनलाच वाजतील असं सेटिंग केलेलं. पुढे गेटजवळ केबिन झाली, काका तिकडे गेले, रिसेप्शनला रात्री कुलूप लागायला लागलं. सेटिंग तेवढं जुनंच राहिलं. डबा आपलं काम चोख करत होता, बंद खोलीत रोज रात्री इमानदारीने रिंग वाजवत होता.

आता हे सेटिंग कसं बघायचं ते सांगतो. प्रत्येक कंपनीचे कोड वेगळे असतात, त्यामुळे मॅन्युअल शोधा. डब्यावरच्या मॉडेल नंबरने मॅन्युअलची पीडीएफ बहुतेक वेळा मिळते. मात्र एकही आकडा बदलण्याआधी आत्ता काय सेट आहे ते वहीत लिहून काढा. प्रश्न सगळ्या डब्यांना तेच विचारायचे असतात.

पहिला प्रश्न: बाहेरचा फोन आला की कुठे वाजतो? याला दिवसाचं आणि रात्रीचं अशी दोन वेगळी उत्तरं असतात, कारण डब्यात डे मोड आणि नाइट मोड असतो. आम्ही रात्रीसाठी लेबर रूम आणि वॉचमनची केबिन असा गट केला. फोन दोन्हीकडे एकदम वाजतो, जो मोकळा असेल तो उचलतो. हा मोड घड्याळावर आपोआप बदलतो की कुणी बटण दाबावं लागतं, तेही बघा. घड्याळावर असेल तर डब्यातली वेळ तपासा. आत एक छोटी बॅटरी असते, ती संपली असेल तर लाइट गेल्यावर वेळ चुकते, काही डब्यांत सेटिंगसुद्धा पुसलं जातं.

दुसरा प्रश्न: किती रिंगनंतर पुढे जातो? इथे थोडं गणित आहे. आपल्याकडच्या टेलिफोनची ट्रिंग-ट्रिंग आणि मधली शांतता मिळून एक फेरी साधारण ३ सेकंदांची असते. आणि रिंग अनंत काळ वाजत नाही. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये ट्रायने ठरवून दिलं की फोन कुणी उचलला नाही किंवा कट केला नाही, तर मोबाइलवर ३० सेकंद आणि लँडलाइनवर ६० सेकंद रिंग जाईल. म्हणजे लँडलाइनवर आपल्या हातात जेमतेम २० रिंग. आधी रिसेप्शन ८ रिंग, मग अकाउंट्स ८ रिंग, मग वरचा मजला, अशी साखळी लावली तर शेवटच्या माणसाला उचलायला जेमतेम ४ रिंग उरतात. म्हणून ४-५ रिंगच्या वर एका जागी थांबवू नका.

तिसरा प्रश्न: डबा स्वतः फोन उचलतो का? म्हणजे ते "आपलं स्वागत आहे, अमुक विभागासाठी एक दाबा". इथे एक गोष्ट लक्षात घ्या. डब्याने रेकॉर्डिंग लावलं त्या क्षणी नेटवर्कच्या हिशोबाने फोन उचलला गेला. तिथून समोरच्याचा कॉल सुरू झाला, आणि त्याला वाटतं की आता कुणीतरी बोलणार. ऑफिससाठी हे ठीक आहे. फक्त संदेश मराठीत आणि छोटा ठेवा, आणि काहीच नाही दाबलं तर कॉल कट न होता माणसाकडे जाईल असं सेट करा. बऱ्याच घरांत आजी-आजोबा फोन कानाला लावून ऐकत राहतात, बटण दाबतच नाहीत. अशा वेळी कॉल कट करणारं सेटिंग म्हणजे त्यांच्या तोंडावर दार लावणंच आहे.

प्रसूतिगृहात मॅडमना रात्रीसाठी रेकॉर्डिंग हवं होतं, व्यवस्थित वाटतं म्हणून. मी नको म्हटलं. ऊसतोडीच्या कोपीवर एखादीला कळा सुरू झाल्या आणि नवऱ्याने फोन लावला, तर त्याला "दोन दाबा" ऐकवायचं? रुग्णवाहिकेसाठी १०८ आहेच, पण लोक आधी ओळखीच्या दवाखान्याला विचारतात, "आणू का?" त्याला माणूसच हवा. मॅडमना पटलं. रात्री रेकॉर्डिंग बंद.

चौथा प्रश्न, आणि इथे बरेच डबे अडकलेले असतात: कुणीच नाही उचलला तर मोबाइलवर जातो का? मॅडमचा मोबाइल नंबर डब्यात आधीपासून भरलेला होता. तरी कॉल जात नव्हता. कारण १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावावं लागतं. डब्यात जुना दहा आकडी नंबर तसाच. शिवाय बाहेरची लाइन घ्यायलाही डब्यात शून्यच लागत होता. म्हणजे आता दोन शून्यं: एक डब्याला, एक एक्स्चेंजला. तुमच्या डब्यात बाहेरच्या लाइनला नऊ असेल तर नऊ आणि मग शून्य.

याच शून्याची दुसरी गंमत. पूर्वी बिल वाचवायला एसटीडी लॉक करायचे, म्हणजे शून्याने सुरू होणारा नंबर बंद. आता मोबाइलही शून्याने सुरू होतो, त्यामुळे तोही बंद! लेबर रूमच्या फोनवर हाच लॉक होता. सिस्टर मॅडमना बोलवायला स्वतःच्या मोबाइलवरून फोन करत होत्या, स्वतःच्या रिचार्जवर. तो लॉक काढला.

मोबाइलवर फॉरवर्ड करताना अजून एक बघा. कॉल एका लाइनने आत येतो आणि दुसऱ्या लाइनने बाहेर जातो. दोनच लाइन असतील तर एका फॉरवर्डमध्ये दोन्ही गुंतल्या, तिसऱ्या माणसाला एंगेज टोन. म्हणून ते शेवटचा उपाय म्हणून ठेवलं: गटात ८ रिंग, म्हणजे २४ सेकंद, आणि मगच मॅडमचा मोबाइल. ६० सेकंदांच्या आत सगळं बसलं.

शेवटचं, पासवर्ड. फॅक्टरीतून आलेला १२३४ सारखा पासवर्ड तसाच असेल तर बदला. आणि बाहेरून फोन करणाऱ्याला आपल्याच लाइनवरून पुढे बाहेर फोन लावू देणारी सोय काही डब्यांत असते. तिची गरज नसेल तर बंद करा. ती उघडी सापडली की भलतेच लोक परदेशात बोलतात आणि बिल तुम्हाला येतं.

सगळं करायला एक दुपार गेली. नवीन वायर, नवीन मशीन काही नाही. रात्री साडेदहाला सिस्टरना सांगून मी बाहेरून मोबाइलवर स्टॉपवॉच लावून फोन केला. तिसऱ्या रिंगला आवाज आला, "हां, बोला, दवाखाना." मग त्यांना उचलू नका म्हणून परत लावला, तेव्हा मॅडमचा मोबाइल वाजला. नवीन सेटिंगचा कागद डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवला, तारखेसकट. कोटेशन अजून ड्रॉवरमध्ये आहे. कधीतरी नवीन सिस्टिम लागेलच, पण तिलाही कुणीतरी सांगावं लागणार आहे की रात्री कोण कुठे बसतं.

आता तुमचं काम. तुमच्या घरात, नात्यात कुणाचं ऑफिस, दुकान, दवाखाना असेल तर आधी त्यांना सांगा, मग बंद वेळेत तिथे एक फोन लावा. रिंग मोजा, आणि आत कुठला फोन वाजतोय ते बघायला सांगा. काय सापडलं ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!