एस्पेरांतोतला स्का

१९९०च्या दशकात डेन्मार्कमधल्या कोपनहेगनला ‘एस्पेरांतो डेस्पेराडो’ नावाचा एक बँड गाजत होता. जमैकाच्या स्कासारखे नाचते ठेके, देशोदेशींच्या सुरावटींची सरमिसळ आणि गाणी एस्पेरांतो भाषेत. नेत्रवैद्य झामेनहोफ यांनी ही भाषा स्वतः घडवून १८८७ मध्ये वॉर्सात प्रसिद्ध केली. बँडचे गायक किम हेन्रिक्सन यांना मात्र ती पुस्तकातून शिकावी लागली नाही. लहानपणी घरातच ती त्यांच्या कानावर पडली. घडवलेली भाषा म्हणजे रुक्षच असणार, हा समज इथेच डळमळतो.

गायला ती मोठी सोयीची. आघात नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर, त्यामुळे ठेका सहज सापडतो. नामं सगळी ओकारान्त; पण कवितेत अक्षर जास्त झालं, तर तो ‘ओ’ गाळायला व्याकरणाचीच परवानगी! आपल्या गीतकारांना हेवा वाटावा अशी ही सवलत. यमकं मात्र इतकी स्वस्तात जुळतात, की कच्चा कवी लगेच उघडा पडतो.

फ्रान्समध्ये तुलूजजवळची ‘विनिलकोस्मो’ ही संस्था एस्पेरांतो गाण्यांचे अल्बम काढते. भाषा येत नसली तरी ऐकून पाहा. सुरुवात ‘एस्पेरांतो डेस्पेराडो’च्या ‘स्का-वीरीनो’ या गाण्यापासून करा.